शिमगा संपल्यावर सांगितलेलं

आई, उद्या मला परत अलिबागला जायचं हाय, आणि जायच्या आधी तुला सांगायला पायजे, कारण तिथे मी तुझं नाव घेऊन बसलेय. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते. त्याच्यानंतर शाळेत मन लागलं नाय, दहावीचं गणित राहिलं ते राहिलंच. खोड्या मात्र सुटल्या नाय. तुला नागावच्या होमस्टेचं स्वयंपाकघर आठवतं? तू पाहुण्यांसाठी घावणे टाकतेयस, मी खाली बसून वाटाणे सोलतेय, निम्मे तोंडात. त्या चष्मेवाल्या काकांनी सोलकढी पातळ हाय म्हणून तुला सगळ्यांसमोर बोल लावला, तर मी त्यांच्या चहात मीठ घातलं. तू मला मागच्या पडवीत ओढत नेलंस. मला वाटलं आता फटका. पण तू एवढंच बोललीस, "ज्याची मस्करी करतेस तो पण हसला पायजे. नायतर ती मस्करी न्हाय, बाय." आणि मग विहिरीवर दुसऱ्या बाईला त्या मिठाच्या चहाचं सांगताना तू स्वतः एवढी हसलीस की घागर कलंडली. मी बघितलेलं.

आता मी काय करते ते तुला माहीत नाय. म्हणजे करत होते. आपल्या आमदारसाहेबांच्या ऑफिसात होते, नाक्यावरच्या. ती नोकरी पण खोडीनेच लागली. हळदीकुंकवाला साहेबांना उशीर झाला, बायका जांभया द्यायला लागल्या, म्हणून मी माईक घेतला आणि साहेबांच्याच आवाजात भाषण ठोकलं. "माता-भगिनींनो, पाणी येणार म्हणजे येणार, फक्त कधी ते विचारायचं नाय!" बायका लोळायच्या बाकी होत्या. मागे वळते तर साहेब उभे. पण ते हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला नि बोलले, "सोमवारपासून ऑफिसला ये." दहावी नापास पोरीला पगाराची नोकरी. बाबाने ट्रकवरून फोन करून दोनदा विचारलं, "खरं बोलतेस ना?"

ऑफिसात दाखल्याची पत्रं टाईप करणारी एक ताई होती. पहिल्याच दिवशी ती मला बोलली, "केबिनमध्ये जाताना फाईल छातीशी धरायची. रिकामी असली तरी चालेल." मला वाटलं ऑफिसची शिस्त असेल. मी चारचौघात तिची नक्कल पण केली, फाईल कवटाळून टकाटका चालणारी. सगळे हसले, ती नाय हसली. मग हळूहळू मला फाईलचं कळलं. आधी गाल ओढणं. मग पाठीवर हात, आणि तो हात तिथेच विसरल्यासारखा. मी सरकले की साहेब बोलायचे, "अगं मस्करी केली. तूच काय ती मस्करी करायची?" एकदा टँकरसाठी वाडीतल्या बायका आल्या होत्या. साहेबांनी मला बाजूच्या खुर्चीत बसवलं, लिहून घ्यायला. समोर एक म्हातारी विहीर आटल्याचं रडत सांगतेय, साहेब मान हलवतायत, "बोला आजी, बोला," आणि टेबलाखाली त्यांचा हात माझ्या मांडीवर. वर वर सरकतोय. चेहरा असा की आजीने पाया पडावं. शेवटी पेन खाली पाडलं आणि ते उचलायला म्हणून उठले ती परत बसलेच नाय. ताईला संडासाकडे गाठून विचारलं, "तुमच्याबरोबर पण?" ती नळ बंद करत बोलली, "मला दोन पोरं हायत. मला नको गोवू यात."

मग मी माझं डोकं चालवलं. आपल्याकडे होळीला कोणाच्याही नावाने बोंब मारायची मुभा असते. सरपंच असू दे, सासरा असू दे, त्या दिवशी कोणी राग धरायचा नाय. साहेब तर दरवर्षी आपल्या होळीत नारळ टाकायला येतात. मी म्हटलं, हेच बरं, अख्ख्या गावासमोर, त्यांच्या तोंडावर. संध्याकाळी बायका पूजा करून मागे सरल्या, पोरांच्या बोंबा चालू झाल्या, तशी मी पुढे घुसले. तोंडावर हात मारून ओरडले, "साहेबाचा हात कुठं रे?" पोरं ओरडली, "कुठं रे?" "टेबलाच्या खाली रे!" "टेबलाच्या खाली रे!" "कोणाच्या मांडीवर रे?" आणि मी माझंच नाव घेतलं. आई, गावातली सगळी पोरं माझं नाव घेऊन ओरडत होती. सगळं खरं ओरडत होती. मी वाट बघत होते की कोणीतरी मध्येच थांबेल, माझ्याकडे बघेल. साहेब पोट धरून हसत होते, मग तेपण तोंडावर हात मारायला लागले. शेजारची काकी डोळे पुसत बोलली, "काय गं बाय तू, तुझ्यासारखी तूच!" घरी आले तेव्हा माझा ओठ सुजलेला होता, एवढे हात मारले होते मी.

धुळवडीनंतर ऑफिसला गेले. साहेबांचे पीए, त्यांना सगळे भाऊ बोलतात, ते दारातच बोलले, "काय मजा आणलीस गं होळीला!" मी बोलले, "भाऊ, मजा नव्हती. खरं हाय ते." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बोलले, "बोललीस ना होळीला? झालं मग. शिमगा संपला." तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. वर्षात ज्या एका दिवशी काहीपण बोललेलं चालतं, नेमकं त्याच दिवशी मी बोलले होते.

मोबाईलवर शोधलं. छोट्या ऑफिसातल्या बाईला मालकाविरुद्ध तक्रार करायची तर जिल्ह्याची कमिटी असते, आणि मालक आमदार असला तरी तो मालकच. बाबाला फोन केला. तो ट्रक चालवत होता, हॉर्न ऐकू येत होते. बोलला, "नोकरी सोड आणि गप बस. आपण त्यांना पुरणार हाय का?" नोकरी सोडली. गप नाय बसले. कमिटीला तक्रार लिहून पाठवली, आणि तारीख आली तशी अलिबागला एकटीच गेले, चांगला ड्रेस घालून, केसांना तेल लावून, म्हणजे मी चक्रम दिसू नये. कमिटीच्या मॅडम वयस्कर, शांत. साहेब आले नव्हते, अधिवेशन चालू हाय म्हणे. भाऊंच्या हाती लेखी उत्तर पाठवलेलं. मॅडमनी वाचून दाखवलं, की ही मुलगी मस्करीखोर म्हणून प्रसिद्ध हाय, होळीत गावासमोर हीच बोंब मारून हसली, आता तीच मस्करी इथे घेऊन आलीय. मी बोलले, "मी हसले नव्हते. बाकीचे हसले." मग टेबलाचं, टँकरचं, पेनाचं सगळं सांगितलं. कोणाचा आवाज काढला नाय, एकपण टोमणा नाय. असं सरळ बोलायची सवयच नव्हती. मॅडम मला मध्येच थांबवून बोलल्या, "हे घडलं तेव्हा तुम्ही कोणाला सांगितलंत? घरात, मैत्रिणीला, कोणाला तरी?" आणि माझ्या तोंडातून गेलं, "आईला."

त्यांनी ते लिहून घेतलं. बोलल्या, "हे महत्त्वाचं आहे. पुढच्या तारखेला आईला घेऊन या."

मी खोटं नाय बोलले, आई. त्या टँकरच्या दिवशी घरी आल्यावर मोरीत गेले, नळ मोठा सोडला, आणि बादली भरून वाहायला लागली तरी तुला सांगत बसले, कुठे, कसं, किती वेळ, सगळं. दुसरं कोण होतं? पण हे कमिटीसमोर कसं चालेल? साहेबांच्या माणसांना कळायला कितीसा वेळ लागणार की माझी आई कधीच गेलीय. मग म्हणतील, बघा, कमिटीची पण टर उडवली. एका शब्दामुळे बाकीचं सगळं खरं पाण्यात जाईल. म्हणून उद्या गेल्या गेल्या, त्यांनी विचारायच्या आधी, मीच सांगणार हाय, की आई वारलीय, तिला आणता येत नाय, आणि तरी सांगितलं मी तिलाच. ताईला पण आज फोन केला, साक्षीला येता का विचारायला. तिने उचलला, माझं ऐकून घेतलं, मग ठेवला. ही पानं काय मी बरोबर नेणार नाय. इथेच ठेवते, तांदळाच्या डब्याच्या खाली. तुला पाठवायचं तरी कुठे.

आणि एक हाय. मॅडम आईला घेऊन या बोलल्या ना, तेव्हा मला तिथल्या तिथे नाय म्हणता आलं असतं. मी बोलले, "हो, आणते." आणि जिना उतरून एसटी स्टँडला पोचेपर्यंत मला बरं वाटत होतं.