मागची सीट

मंगळवार, दिवेलागणी

आज ह्यांची मोटारसायकल बोलली. अजून अंगावर काटा आहे. हे गेल्यापासून सहा वर्षं जिन्याखाली गप्प पडून होती. नात मुक्ता मागं लागली, आज्जी, मला दे, कॅफे रेसर करते. म्हटलं, कर बाई. मला काय ठाऊक ते काय असतं, कॅफेत जाऊन चहा पिणारी गाडी असेल!

संध्याकाळी डाळ निवडत होते आणि खालून तोच आवाज आला, आधी जरा खोकून मग सुरू होणारा. हे कधी हॉर्न वाजवायचे नाहीत, नुसती गाडी चालू ठेवायचे. माझ्या तोंडून गेलं, "आले हो!" पदर खोचला, तीन मजले उतरले, सवयीनं गाडीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिले. गुडघ्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

आणि बसायला जागाच नाही. मागची सीट नाही, साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळी नाही. कॅफे रेसर म्हणजे हे होय, एकट्यापुरती गाडी.

मुलगा लेकीवर खेकसला, "बाबांच्या गाडीची वाट लावलीस!" मुक्ता रडवेली झाली. "आज्जी, जुनी सीट ठेवलीय गं. लावू परत?"

लावून मी कोणाच्या मागं बसणार? दिसते मात्र देखणी, खोटं कशाला लिहू. म्हटलं, "राहू दे. रोज संध्याकाळी एकदा चालू कर. मी वरूनच ऐकेन."

स्वयंपाकघरातून खालचं काही दिसत नाही. आवाज तेवढा येतो.