एक इंचाची शक्यता

१२ जानेवारी, सोमवार
पोचले एकदाची अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅरी गावात. दोन बॅगा, एक कुकर आणि नवी नोकरी. ॲरिझोनात शिकताना दोन वर्षं नुसतं निळं आकाश बघितलं. इथे उतरल्या उतरल्या ढग दिसले, तर विमानतळावरच फोटो काढला.

खोली पुरुषोत्तम काकांच्या घरी, वरच्या मजल्यावर. ओळख हवामानवेड्यांच्या ग्रुपमधली. या भागातले तीसेक जण, बहुतेक आयटी नाहीतर फार्मावाले, हिवाळाभर एकाच गोष्टीवर बोलतात: बर्फ पडणार का. मी शाळेत असताना सांगलीला गच्चीवर बरणी ठेवून पाऊस मोजायचे, हे ऐकून काकांनी फोनवरच खोली देऊन टाकली. परसात त्यांचं पर्जन्यमापक आहे, थर्मामीटर आहे आणि बर्फ मोजायला पांढरी रंगवलेली फळी. काकू म्हणजे प्रतिमा काकू, हसऱ्या आहेत. गरमागरम वरणफळं वाढली. मी अजून खरा बर्फ बघितलेला नाही हे कळल्यावर काका म्हणाले, "यंदा दाखवतो तुला."

१५ जानेवारी, गुरुवार
पुढच्या वीकेंडला वादळ दिसतंय! ग्रुपमधल्या केदारने इंटरनेटवर एक पान केलंय: हवामानाच्या सगळ्या मॉडेल्सचे अंदाज एकत्र करून कॅरीत एक इंच बर्फ पडायची शक्यता किती, हा आकडा दर तासाला बदलतो. आज २० टक्के. ऑफिसात मी दहा वेळा तरी बघितला.

अडचण नेहमीचीच. खाली थंडी असते, पण वरून उबदार हवेचा थर घुसतो आणि बर्फाचं पाणी होतं. काकांनी वही दाखवली. चार हिवाळे. फळीवर एकदाही इंचभर नाही. शेजारच्या गावात तीन इंच पडला त्या दिवशी इथे पाऊस. काका वही मिटत म्हणाले, रस्त्याच्या पलीकडे पडतो गं, आपल्याकडे नाही.

१७ जानेवारी, शनिवार
आकडा ९ वर आला. ग्रुपवर सगळे एकमेकांवर उखडलेत. मीही चिडचिड करत कॉफी सांडली. काकूंनी गुडघे दुखतात म्हणून हीटर वाढवला, तर काका जेवता जेवता ताटावरून उठले आणि तो बासष्ट अंश फॅरेनहाइटवर आणून ठेवला. तासाभरात आकडा २६. मी हसले. काका हसले नाहीत.

१९ जानेवारी, सोमवार
सुट्टी होती, दिवसभर घरात. सकाळी आकडा ४१. दुपारी काकूंनी हळूच हीटर लावला, १५. काकांनी भिंतीवरचा हीटरचा थर्मोस्टॅट स्क्रू काढून उचकटला आणि खिशात घातला. संध्याकाळी ४८.

मग त्यांनी वहीची मागची पानं दाखवली. घरातलं तापमान आणि केदारचा आकडा, तासातासाचे. शिवाय एक तिसरा रकाना, वर नुसतं "प्र." मी समजले, प्रमाण असेल. संख्याशास्त्र हे माझं पोटापाण्याचं काम. दोन तास चूक शोधत बसले. सापडली नाही. याचाच राग येतोय. असं होऊच शकत नाही, आणि चूक सापडत नाही.

२१ जानेवारी, बुधवार
खिडक्या उघड्या. घरात ४४ अंश, बाहेर ५१. हे कसं, ते विचारायचं मी सोडलंय. काकू दोन स्वेटर आणि मफलर घालून सोफ्यावर बसून असतात. मी गरम पाण्याची पिशवी दिली, ती काकांनी मोरीत रिकामी केली.

त्यांच्या मुलाला, देवांगला, ओहायोत डब्लिनला फोन केला. तो इंग्रजीत म्हणाला, डॅडचं दर जानेवारीत हे असतं, मॉमला एक ब्लँकेट दे. ब्लँकेट काका गाडीच्या डिकीत कोंडून आलेत हे त्याला सांगितलं. त्याला मीटिंग होती.

आकडा ६० वर अडकलाय. काका येरझारा घालतायत.

२२ जानेवारी, गुरुवार
"घर नव्हे गं, इशिता," काका सकाळी म्हणाले. "घरानं होत नाही. माणूस लागतं."

तेव्हा वही परत बघितली. प्र. म्हणजे प्रमाण नव्हे. ९८.२. ९७.५. ९६.४. काकूंच्या तोंडात थर्मामीटर होता आणि काका घड्याळ बघत उभे होते.

प्रतिमा.

आकडा ७३.

२३ जानेवारी, शुक्रवार
काका परसात फळी पुसत होते. काकूंना माझ्या गाडीत घातलं, सीट हीटर पूर्ण लावला आणि निघाले. ठरवलं होतं, आधी हॉस्पिटल, मग पुढचं पुढे. दहा मिनिटांत त्यांच्या गालांवर रंग आला. फोन सारखा वाजायला लागला. ग्रुप. आकडा ११. कुणी मॉडेलला शिव्या देतंय, केदार लिहितोय, यार, सगळं संपलं.

काकू म्हणाल्या, "परत फिरव गाडी. चार वर्षं वाट बघितलीये त्यांनी." मी नाही म्हटलं. त्यांनी चालत्या गाडीचं दार उघडायला घेतलं, म्हणून वळले.

म्हणून वळले असं लिहिलंय. खरं लिहायचं तर त्याआधीच मी वेग कमी केला होता. ११ बघितला तेव्हाच.

घरी येईपर्यंत ५८.

२४ जानेवारी, शनिवार
बर्फाचे कण मिसळलेला पाऊस. रस्त्यांची काच झालीये. पुन्हा निघायचा प्रयत्न केला, पण गाडी दारातच फिरली आणि पोस्टाच्या पेटीवर जाऊन थांबली.

घरात २९. बाहेर ३२, पाणी जेमतेम गोठेल इतकंच. काचांना आतून बर्फाची नक्षी.

काकू आता कुडकुडत नाहीत. शब्द जड येतात. नाइन-वन-वनला फोन केला, ते म्हणाले गाडी निघालीये पण वेळ लागेल, त्यांना उबदार ठेवा. माझी रजई, माझी जॅकेटं, सगळं त्यांच्यावर घातलं. काका एकेक काढून घडी करून ठेवत गेले. मी ओढून घेतली. त्यांचे हात इतके गार की माझी बोटं चिकटली —

आकडा ८८.

२५ जानेवारी, रविवार
सकाळी दहा चाळीसला बर्फ सुरू झाला. मोठे, संथ, ओले कण. सुंदर आहे. असं लिहायला नको, पण आहे.

काकूंची नाडी लागत नाही. दोनदा बघितलं. अँब्युलन्स अजून —

काका परसात, नुसत्या सदऱ्यावर, पट्टी घेऊन. पाव इंच. अर्धा.

दुपार
पाऊण इंचावर थांबला. पुन्हा पाणी. ग्रुप रडतोय. आकडा ६१ आणि उतरतोय.

काका जिन्यात आहेत. ओरडत नाहीत. थोडंच राहिलंय म्हणतात. पाव इंच. त्यांच्या हातात थर्मामीटर —

मी माझ्या खोलीला आतून कडी घातलीये.

खिडकी उघडी आहे. मी नव्हती उघडली. म्हणजे मला तरी आठवत —

बंद करायला उठले. स्वेटर खुर्चीवर होता. कधी काढला?

६४. ६९.

पुन्हा पडायला लागला. फळी पांढरी होतेय. खिडकी लावते. हा एक तास झाला की लाव —