दिग्रसची लाल टू-सीटर

९ नोव्हेंबर, रविवार
बऱ्याच दिवसांनी गाडी सुरू केली. बॅटरी मरता मरता वाचली. शेजारच्या निर्मलाकाकू बाबांजवळ बसल्या, तेवढ्यात आर्णी रोडने फाट्यापर्यंत जाऊन आले. बस. एवढंच.
परत आले तर काकू दारातच. "माया, बाबा पलंगावर हात आपटून राह्यले वं. तुह्या गाडीचा आवाज दूर गेला अन् सुरू झाले."
हात म्हणजे डावा. गेल्या वर्षी पोळ्याला लकवा मारला, तेव्हापासून उजवा तसाच पडून. सारी नोकरी एसटीचं स्टेअरिंग फिरवलेला हात.
चहा दिला, प्यायले नाहीत. रागावले की घाबरले, कोण जाणे. मी पण विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
नागपूरच्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज: १४ डिसेंबरला ट्रॅक डे, आपापली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस. नागपूरच्या पलीकडचा लहान ट्रॅक, मागे एकदा गेले होते तोच. स्टाफरूममध्ये अकरावीचे पेपर तपासत होते. मेसेज वाचला आणि नंतरचे दोन पेपर पुन्हा तपासावे लागले.
विलासला फोन. "शनिवार-रविवार येशील? बाबांजवळ राहायला."
"येतो ना ताई. त्यात काय."
पुण्यात बसून सगळं असंच वाटतं. कशासाठी ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. भाऊ धाकटा आहे, पण गाडीचा विषय निघाला की मोठा होतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
सीएल टाकली. गाडी गफ्फारभाईंच्या गॅरेजला. ब्रेक पॅड, ऑइल, टायर. एअर फिल्टर काढलं तर आत पांढरी रुई. गाडी निघाली की कापसाच्या जिनिंग मिलच्या रस्त्यानेच, मग काय होणार. गफ्फारभाई म्हणे, "मॅडम, इसमें तो तकिया भर जाएगा."
हसले. बऱ्याच दिवसांत एवढं हसले नव्हते.
मग प्राचार्यांचा फोन, प्रॅक्टिकलच्या तारखांसाठी. मागे हॉर्न ऐकला असेल. "गाडीच्याच मागे का मॅडम? ह्या वयात?" त्रेचाळीस. त्यांच्या मते ह्या वयात काय करावं, ते विचारायचं राहून गेलं.

३० नोव्हेंबर, रविवार
बाबांचं करायला येणारी कांताबाई रविवारी येत नाही. सगळं मीच. अंग पुसणं, दाढी, कुशीवर वळवणं, व्यायाम, मऊ खिचडी. चार पायांची काठी घेऊन अंगणात दोन फेऱ्या. मधे एकदा चादर बदलली. बाबा तेव्हा भिंतीकडे पाहतात. मी पण भिंतीकडे पाहते आणि हात चालवते.
दुपारी ते झोपले, मी अंगणात गाडीत जाऊन बसले. नुसतीच. चावी न लावता.
ही आणली तेव्हा बाबा धडधाकट होते. दोन चकरा मारल्या तिच्याभोवती. बोटानं टकटक करून पाहिलं. "फायबर व्हय हे. पत्रा नाही. दोन माणसं अन् एक थैली. हे काय गाडी व्हय?" मग आत बसले, गुडघे स्टेअरिंगला लागले, तरी महागावपर्यंत नेऊन आणली. येताना तोंड लपवून हसत होते. कोणाला सांगितलं नाही त्यांनी.
जुनी गाडी, पाणी गळतं, स्टेअरिंग जड, पायाशी इंजिनची उष्णता. पण हलकी. वळणावर अ‍ॅक्सिलरेटर जरा लवकर दाबला की नाक बाहेर ओढते, थांबून दाबला की अशी आत येते, की... लिहिता येत नाही. ट्रॅकवर एकदाच गेले, बाबांचं व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात. तिथे डोक्यात काहीच नव्हतं. पुढचं वळण, बस. कोणाला काय हवं, कोणती गोळी कधी, काहीच नाही.
आतून हाक आली. हाक म्हणजे आवाज. गेले.

११ डिसेंबर, गुरुवार
विलास येत नाही. ऑफिसचं काही निघालं. "पुढच्या महिन्यात नक्की ताई. बाबांना जय भीम सांग."
कांताबाईला विचारलं. तिच्या बहिणीच्या पोरीचं लग्न महागावला, त्याच दिवशी. "मले तं जावंच लागन ताई." लागेलच. निर्मलाकाकू दिवसभर नाही करू शकत, त्यांचीच कंबर.
ग्रुपवर "येत नाही" लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. पाठवलं नाही.

१३ डिसेंबर, शनिवार
संध्याकाळी बाबांना भरवताना म्हटलं, "उद्या मले नागपूरकडे जायचं आहे. गाडी पळवायले. तुमच्याजवळ राहायले कोणी नाही."
घास थांबला.
"संगं येता का?"
त्यांनी घास गिळला. मग डाव्या हातानं स्वतःच्या पायाकडे दाखवलं.
मी म्हटलं, "बसायचंच तं आहे."
"च... चाल," म्हणाले.
हे वेडेपणाचं आहे. त्या बुटक्या सीटवर एवढा प्रवास. पण नाही म्हणाले असते तर मी रडले असते आणि ते त्यांना दिसलं असतं. काठी मागे डिकीवर बांधली. हेल्मेट त्यांच्या पायाशी. जास्तीचे कपडे, चादर, औषधं. खरंच दोन माणसं अन् एक थैली.

१५ डिसेंबर, सोमवार
कालचं.
पहाटे निघालो. कानटोपी, शाल, तरी गार वारं फटीतून. कापसाच्या गाड्यांमागे हळूहळू. यवतमाळपर्यंत बाबा नुसते समोर पाहत होते. मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय हलायचा, क्लचवर असल्यासारखा.
ट्रॅकवर पोहोचलो. सगळे चांगले वागले. शेडखाली प्लास्टिकची खुर्ची, कठड्याजवळ. नागपूरचे एक डेंटिस्ट आहेत, पांढरी जुनी कूपे आणतात, दोन दारांची. त्यांच्या पत्नी बाबांशेजारी बसल्या. "मी आहे ना, तुम्ही जा."
पहिलं सेशन अडखळत. दुसऱ्यात हात बसला. सरळ रस्त्यावरून जाताना दरवेळी कठड्याकडे पाहायची. कानटोपी दिसली की पुढे.
तिसरं सेशन. आता लिहायलाच पाहिजे.
टायर गरम, मागे-पुढे कोणी नाही. गाडी म्हणेल तशी मी आणि मी म्हणेन तशी गाडी. सरळ रस्त्यावर आले, कठड्याकडे पाहिलं. खुर्ची आडवी. चार-पाच माणसं वाकलेली. कानटोपी दिसली नाही.
पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, जायचा फाटा शेवटच्या वळणानंतर. म्हणजे पूर्ण चक्कर मारूनच आत येता येतं. तोवर ठीक. तोवर माझा इलाज नव्हता.
चक्कर संपली. फाटा आला. मी वळले नाही.
दिसला नाही असं नाही. दिसला. हात सरळच राहिले. कठड्याकडे पाहिलं नाही ह्या वेळी. आणखी एक चक्कर मारली आणि ती आजवरची माझी सगळ्यात चांगली. एकही वळण चुकलं नाही. मग आत आले.
बाबा खुर्चीत बसलेले होते. कोपर खरचटलं. पँट ओली. बाईंनी आपली शाल त्यांच्या कमरेला गुंडाळून दिलेली. मला म्हणाल्या, "घाबरू नका, लागलं नाही फार. तुमची गाडी आली की उभं राहायचं म्हणत होते. मी धरत होते तोवर कठडा धरून स्वतःच उठले, आणि..."
मला पाहायला उठले होते.
कपडे बदलले गाडीच्या आडोशाला. परतताना मी गिअर बदलत राहिले. त्यांचा पाय हलला नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार
सकाळी दाढी करताना. फेस लावलेला, ब्लेड गालावर. बाबा म्हणाले, "पा... पाह्यलं?"
"काय?"
"मले. पडलो. पाह्यलं?"
"नाही बाबा. ट्रॅकवरून दिसत नाही तिकडचं."
माझ्याकडे पाहत राहिले. सारी उमर आरशात मागचा रस्ता पाहिलेला माणूस.
"पाह्यलं," म्हणाले. विचारत नव्हते आता.
मी ब्लेड धुतलं. दुसरा गाल केला.

२० डिसेंबर, शनिवार
ग्रुपवर कोणीतरी फोटो टाकले. कुठून कुठून रूपालीपर्यंत पोहोचले. विलासची बायको. गाडी, मी, आणि मागे खुर्चीत बाबा, कमरेला त्या बाईंची शाल.
विलासचा फोन. "ताई, तू त्यांना रेसला नेलं? त्या हालतीत?"
"तू आला नाहीस."
"म्हणून? काही झालं असतं तर?"
"झालं ना. पडले."
तो मग ओरडला. मग म्हणाला, मी घेऊन जातो त्यांना. पुण्याला. इथे सगळं आहे, फिजिओथेरपी घरी येते, लिफ्ट आहे. तू विक ती गाडी, नको विकू, तुझं तू पाहा.
सव्वा वर्ष मी ह्याच वाक्याची वाट पाहत होते. मी घेऊन जातो. आज ते शिक्षा म्हणून मिळालं.
बाबांना सांगितलं. डोळे मिटले त्यांनी. 

२८ डिसेंबर, रविवार
नेलं. विलास मोठी गाडी करून आला होता. वाईट वागला नाही. गोळ्या कशा द्यायच्या, कुशीवर कसं वळवायचं, सगळं माझ्याकडून शिकून घेतलं. प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत होता. लहानपणी मी सायकल शिकवली तेव्हासारखाच. मग मला त्याच्यावर चिडताही येईना.
म्हणाला, "एक महिना पाहू ताई. मग ठरवू."
कांताबाई रडली. "मले सांगा बाबा, तिथं कोण तुमच्यासंग बोलन आपल्या बोलीत?"
बाबांना मागच्या सीटवर बसवलं. मी त्यांचा पाय आत घेतला, पट्टा लावला. त्यांनी माझा हात धरला नाही, झटकलाही नाही.

४ जानेवारी, रविवार
मोकळा रविवार. कोणाला विचारायचं नाही. गाडी काढली, यवतमाळ. पुढे घाटात गेले, वळणं चांगली आहेत तिथली. एका टपरीवर चहा. कुठेही जाता आलं असतं. पांढरकवडा, आदिलाबाद, कुठेही.
तीन वाजता परत फिरले, घाईघाईनं, कापसाच्या ट्रॅक्टरला चुकीच्या ठिकाणी ओव्हरटेक केलं. दिग्रस आलं तेव्हा लक्षात आलं, घरी कोणी नाही. कशाची घाई करून राह्यली मी?
कुलूप उघडायला वेळ लागला. सवय नाही. घर कधी कुलपात नसायचं.

११ जानेवारी, रविवार
ग्रुपवर पुढच्या ट्रॅक डेची तारीख. नाव दिलं नाही अजून. कोणी अडवलेलं नाही.
दुपारी विलासचा फोन. बाबा नीट जेवत नाहीत. फिजिओथेरपीवाला आला की डोळे मिटून घेतात. "दोन दिवसांपासून फोनकडे हात करून राह्यले. तुझ्याशी बोलायचं आहे बहुतेक. देतो."
श्वास ऐकू आला आधी. मग आवाज. लांबलचक बोलले. इतकं तर ते इथे कधीच बोलले नाहीत. एकही शब्द कळला नाही मला. समोर असले की कळायचं, ओठावरून, भुवईवरून. फोनवर नुसता आवाज, वर-खाली. शेवटी आवाज चढला आणि थांबला. काहीतरी विचारलं होतं त्यांनी. एवढं कळलं.
ने मले, असं असेल. येऊ नको, असं असेल. काहून थांबली नाहीस, असंही असेल.
बाबा उत्तराची वाट पाहत होते. तिकडे टीव्ही चालू होता.
मी म्हटलं, "हो बाबा."
 मग विलास आला फोनवर. "काय म्हटलं तू त्यांना? मी याच्यासाठी विचारून राह्यलो, की ते आता..."
रेंज गेली. पुन्हा लावते आहे. लागत नाही.