गालात धरलेली गोळी

पहूर, ता. जामनेर
१० जुलै १९९१

प्रिय प्रमिला,

आधी रडणं थांबव, मग वाच. गालातली जखम कॅन्सरचीच निघाली. एकतीस तारखेला जळगावला कापणार. तुझा बाप हे सांगायला आला तेव्हा दारातच उभा राहून चपला शोधत होता, त्या पायातच होत्या. मीच म्हटलं, बोल ना रे लोटन, मी काय बहिरी शे का?

तू आखाजीला आली होतीस तेव्हाही ती जखम होतीच. दाखवली नाही. सणाला आलेल्या नातीपुढे कोणी जबडा उघडून बसतं का? तू चुलीवरच्या मांड्यांच्या खापराजवळ बसून पुण्याच्या कामाचं सांगत होतीस. ते प्रोस्टाग्लँडिन (हे नाव तुझ्या जुन्या पत्रात बघून अक्षर अक्षर उतरवलंय) आपल्या अंगातच तयार होतं, दुखणं नि सूज त्यानं वाढते, आणि कॅन्सरची गाठ ते जास्तीचं बनवून त्याच्यावर पोसते. अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी ते बनूच देत नाही, आणि तुझ्या ज्या उंदरांना गोळी दिली त्यांच्या गाठी लहान राहिल्या. शेजारची ताईबाई म्हणाली, आमच्याकडे उंदराला पिंजरा, पुण्यात औषधपाणी! तू हसलीस. मी चुलीत काड्या सारत होते आणि एकेक शब्द गोळा करत होते.

तू गेलीस आणि मी गौतमचंदच्या दुकानातून गोळ्या आणल्या. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. आता चाळीस वर्षं गालात मिसरी धरणाऱ्या बाईला गोळी कुठे ठेवायची हे कोणी शिकवायला हवं का? मिसरीच्याच जागी, जखमेला चिकटवून धरली. दिवसातून तीनदा, तीही उपाशीपोटी, कारण घास गिळवत नव्हता. गाल आतून पांढराफट जळला आणि अठराव्या दिवशी काळी ओकारी झाली. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं नि म्हणाले, आजीबाई, रोग कुठला आणि तुम्ही भाजलेलं कुठलं, मी ओळखू कसं? भाजलेलं भरेपर्यंत दोन आठवडे तपासणी अडली. मग त्यांनी समजावलं, की गाठीला पोसतं तेच पोटाच्या अस्तराची राखणही करतं, गोळीनं ती राखण गेली नि पोटातून रक्त आलं. हे तू मला सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं, असंही समजू नकोस. अक्कल माझी, गालही माझा.

मिसरी सोडली. बठ्ठा, सगळाच्या सगळा डबा उकिरड्यावर उपडा केला, कोंबड्या दिवसभर शिंकत होत्या. ताईबाई अजून चोरून लावते. मी रोज तिला आ करायला लावते नि आत बघते. ती मला शिव्या देते, पण आ करते.

आता कामाचं. लोटन म्हणतो, तू पुण्याचं काम सोडलंस आणि ट्रंक घेऊन धुळ्याला मावशीकडे येऊन बसलीस, तुझ्या बोलण्यापायी मोठी माय मरायला टेकली म्हणून. तीन वर्षं केलेलं काम एका म्हातारीच्या आगाऊपणासाठी सोडतेस? मी डॉक्टरांना विचारलं, कापलेल्याचं काय करता? म्हणाले, थोडं तपासायला जातं, बाकीचं फेकतो. मी म्हटलं, फेकू नका, माझी नात हेच बघते. उंदरापेक्षा माझं तिला जास्त उपयोगी पडेल. आधी हसले. मग म्हणाले, तिच्या पुण्याच्या प्रयोगशाळेचं लेखी पत्र आलं तर बर्फात ठेवून देतो, पण घ्यायला माणूस हजर पाहिजे. मी म्हटलं, येईल. ते पत्र तुझ्या सरांनी द्यायचंय, एकतीसच्या आत. आणि धुळ्यात बसलेल्या पोरीला सर पत्र देणार नाहीत, एवढं तिसरी शिकलेलीलाही कळतं. उद्याची पुण्याची गाडी धर.

तुझीच, तोंड चालतंय तोवर बोलून घेणारी,
मोठी माय