बिनआकड्यांचं उलटघाट

१४ मार्च, गुरुवार, दुपार

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार घालायचा तर वाकावं लागतं, आणि या पत्रात वाकायचं नाही असं ठरवून बसले आहे. तेव्हा उभ्यानेच नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा डावा हात आता चमचा धरतो, उजवा अजून उशीवरच असतो. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिच्यावर माझा राग नाही, हे तिला सांग.

तुझा कागद मिळाला. दीड वर्षानंतर तुझं पाकीट आलं म्हणून घाईघाईने फोडलं, तर आत वकिली भाषा. ‘सदर काल्पनिक वसाहत केवळ प्रकाशकाच्या खेळनियमांसहितच प्रसिद्ध केली जाईल.’ सदर काल्पनिक वसाहत! अरे, आपल्या खेळातल्या गावाला उलटघाट म्हणायला जीभ झिजते का वकिलाची? महिनाअखेर सही करून पाठव म्हणतोस. मी छापखान्यात मुद्रितं तपासून पोट भरते, त्यामुळे सवयीने लाल पेन उचललं. चार चुका निघाल्या. दुरुस्त करून कागद सोबत परत पाठवते आहे. सही केलेली नाही आणि करणारही नाही.

खाली तू स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहेस, ‘नियमांशिवाय नुसत्या गावाला मागणी नसते. बिनमिठाची भाजी कोण खातं?’

तर मागणीचं ऐक. तुझ्या कंपनीने काढलेल्या पुस्तकात निम्मं उलटघाट आणि निम्मे तुझे नियम. नकाशे माझे, म्हणून मागे माझाही पत्ता छापलास. त्या पत्त्यावर वर्षभरात दोनशेच्या वर पत्रं आली. एक बसचालक लिहितो, ‘आमचं टोळकं बारा वर्षं एकाच नियमांनी खेळतंय, ते आता सुटत नाहीत. पण गाव तुमचंच हवं. दर शनिवारी तुमचे आकडे खोडून आमचे लिहितो. पानं फाटायला आली.’ एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी स्वतःचेच नियम केले आहेत, दीड पानात मावतात. एक नर्स आणि तिच्या मैत्रिणी तिसरेच कुठले तरी नियम वापरतात. सगळ्यांचं म्हणणं एकच, की मीठ आमच्या घरी आहे, तुम्ही भाजी द्या.

आणि दादा, गाव आधी झालं की नियम? तू पंधराचा, मी बाराची, जमिनीवर जुना कागद पसरून आपण ती नदी काढली. महिन्यातून तीन दिवस उलटी वाहणारी, म्हणून घाटाला दोन्हीकडून पायऱ्या. तेव्हा आपल्याकडे एकच फासा होता, त्याचाही एक कोपरा तुटलेला. तुझे नियम कानामागून आले आणि तिखट झाले. आता म्हणे त्यांच्याशिवाय गाव चालत नाही.

छापखान्याच्या मालकांना, म्हणजे काकांना, मी बिनआकड्यांच्या उलटघाटचं नवं हस्तलिखित दिलं तेव्हा ते चष्मा वर करून म्हणाले, “हे गाव कुठेशी आलं गं?”

“टेबलावर,” मी म्हटलं. “चार-पाच जण बसतात. एक जण गाव सांगतो, बाकीचे त्यात वावरतात. अडलं की फासे टाकायचे. कुणाची ताकद किती, किती मार बसला की मरायचं, हे सगळं नियमांच्या पुस्तकात आकड्यांनी दिलेलं असतं.”

“मग तुझ्यात तर एकही आकडा नाही.”

“म्हणूनच ते कुठल्याही नियमांना चालेल.”

काकांनी दोन पानं उलटली. “म्हणजे कापड तू देतेस, शिवायचं ज्याचं त्याने. मग सरळ तसं सांग ना!”

आकडा काढून टाकला की आळस करता येत नाही, हे मला या पुस्तकाने शिकवलं. तुझ्या पुस्तकात आहे, ‘कोठाराचं दार, मजबुती १५.’ मी लिहिलंय, ‘एकट्याला हलत नाही. दोघांनी खांदा लावला तर उघडतं, पण सगळी गल्ली जागी होते.’ चौकीवरचा पहारेकरी तिघांना पुरून उरतो, चौथा दिसला की त्याला घरची आठवण येते. तुझं ‘भूत, पातळी ३’ माझ्याकडे कारकून आहे. तो रोज वेळेवर कचेरीत येतो. मेल्याचं त्याला कुणी कळवलेलं नाही, कारण काम चोख करतो. यात कुठे मीठ कमी पडलं ते दाखव.

नावाडिणीचं पान मात्र सगळ्यात शेवटी लिहिलं. त्या एका पानाला चार महिने लागले.

आठवतं ना तुला? आपण खेळत होतो आणि आईने शिलाईचं मशीन थांबवून विचारलं, “मी कोण होऊ?” तू म्हणालास, नावाडीण हो, नदी उलटते तेव्हा एकटी तीच पलीकडे नेऊ शकते. आई लगेच अट घालून मोकळी. “माझ्या होडीत फासे टाकायचे नाहीत. पलीकडे जायचंय तर माझ्याशी बोला. पटलं तर नेईन.” सहा वर्षं आपण तिला पटवत राहिलो. एकदा तू पाऊण तास विनवण्या केल्यास आणि ती काजं करता करता म्हणाली, “आज नदीचं मन नाही रे.” तू चिडून जेवला नव्हतास.

आणि मग त्या खेळांच्या प्रदर्शनात मी तुझ्या पुस्तकावर खेळणारं एक टेबल बघत उभी राहिले. खेळणाऱ्यांना होडी हवी होती. एकाने विचारलं, “नावाडीण केवढ्या ताकदीची?” सांगणाऱ्याने पान उघडलं. ताकद १, जीव २. फासे पडले. “मेली. घ्या होडी.” अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांचा दोष नव्हता, पानावर लिहिलं होतं तसंच ते वागले. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि तुला फोन लावला. आईला दोन जीव दिलेस, आता घरात पाय ठेवू नकोस, असं बरंच काही बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तू फक्त ‘हं’ म्हणालास.

ठेवते आता. आईला औषध द्यायचंय.

१८ मार्च, सोमवार, छापखान्यातून

औषधाचं निमित्त होतं. पुढची ओळ लिहवत नव्हती. चार दिवस हे पत्र पर्समध्ये घेऊन हिंडले.

दादा, ते आकडे तू दिले नव्हतेस. मी दिले होते.

तू साठ माणसांचा तक्ता पाठवला होतास, गाव तुला जास्त ठाऊक आहे, आकडे तूच भर म्हणून. झटक्यानंतर आईला इस्पितळातून घरी आणून तेव्हा महिना झाला होता. मी तिला भरवत होते आणि मांडीवर तक्ता. तिने पेज अंगावर सांडली, मी पुसली, पुन्हा सांडली, पुन्हा पुसली. तेवढ्यात नावाडिणीचा रकाना आला. मी समोर बघितलं आणि दिसलं ते लिहिलं. एक आणि दोन. पेन थांबलंसुद्धा नाही.

फोनवर ओरडताना हे आठवत होतं का, मला खरंच माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवलं, लख्ख आठवलं. तरी दीड वर्ष तोंडातून चकार शब्द काढला नाही. स्वतःवर चिडण्यापेक्षा तुझ्यावर चिडणं सोपं होतं. तुझ्याकडे तो तक्ता आहे, माझ्या अक्षरातला. वकिलाच्या पाकिटात घातला असतास तर माझी बोलतीच बंद झाली असती. तू घातला नाहीस. इतके दिवस वहिनीलाही सांगितलं नसशील, ओळखते मी तुला.

माफ कर. अगदी मनापासून. पण माफी वेगळी आणि सही वेगळी. उलट आता तर सही होणेच नाही. माझ्यासारखी, बारा वर्षांची असल्यापासून त्या होडीत बसलेली, रकाना दिसल्यावर आकडा टाकून मोकळी झाली. मग परक्यांनी काय करावं? रकाना असला की माणूस भरतोच. म्हणून माझ्या पुस्तकात रकानाच नाही.

काल घरी खेळ ठेवला होता, पुस्तक छापायच्या आधी एकदा पारखून घ्यावं म्हणून. बसचालक, नर्स आणि शिक्षिकाबाई, तिघांचे तीन तऱ्हेचे नियम. दर तासाला नियम बदलायचे, गाव तेच ठेवायचं, असं ठरवलं. कुठे अडलं नाही. शिक्षिकाबाईंनी त्या मेलेल्या कारकुनाकडून अर्ज मंजूर करून घेतला, बसचालक हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. आईची खुर्ची मी टेबलाला लावून ठेवली होती. ऐकत होती की नाही, कळत नव्हतं.

नर्सला नदीपलीकडे जायचं होतं. नावाडिणीचं पान मी अजून वाचून दाखवलं नव्हतं. ती फासे हातात खुळखुळवत म्हणाली, “मी होडी हिसकावून घेते,” आणि टाकले. फासे थांबायच्या आत आईने डावा हात त्यांच्यावर आपटला. पेले हलले.

“माझी होडी,” आई म्हणाली.

दोन शब्द, दादा. झटका आल्यापासून तिने दोन शब्द जोडून म्हटले नव्हते. मला उठून पाणी प्यावं लागलं. नर्स शहाणी, तिने घाई केली नाही. आईच्या हाताखालून एकेक फासा सोडवून घेतला, पिशवीत टाकला आणि विचारलं, “आजी, मला पलीकडे नेता का?”

आईने तिच्याकडे निरखून बघितलं. बराच वेळ.

“नाही,” म्हणाली.

तू हवा होतास. मी एवढी हसले आणि एवढी रडले की बसचालकाने विचारलं, ताई, खेळ थांबवू का? मी म्हटलं, खबरदार.

आज सकाळी काकांनी पुस्तकाचा पहिला फर्मा, म्हणजे पहिली सोळा पानं, यंत्रावर चढवला. समोर कागद पडतायत, हे लिहिताना टेबल हादरतंय, म्हणून अक्षर असं आहे. मुखपृष्ठावर तिघांचा उल्लेख आहे: आई, तू आणि मी. तुझा उल्लेख मी तुला न विचारता घातलाय आणि काढणार नाही. त्यावरूनही नोटीस पाठवायची असेल तर खुशाल पाठव, तपासून देईन.

पाय ठेवू नकोस म्हणाले होते, ते शब्द मागे घेते. बाकी एकही नाही. आता कोर्टात जायचं तर जा, घरी यायचं तर ये. घर जवळ पडेल.

चुकलेली, पण न वाकलेली,
तुझी धाकटी