नेवेनाच्या औषधाची गाडी

सोफिया, २१ जानेवारी १९२९

ती. मेतोदीदादास,
धाकट्या बहिणीचा, रायनाचा सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या त्या बडबड्या सोबत्याच्या, पेन्चोच्या हाती देतेय. पॅरिसला पोचेपर्यंत अख्ख्या डब्याला वाचून दाखवू नको म्हणावं त्याला.

दादा, नेवेनाचं लक्षण मला ठीक दिसत नाही. मागच्या फेरीला तू इन्शुलिनची नवी बाटली आणून दिलीस, ती सुरू केल्यापासून पोरगी सुधारायची सोडून खंगतच चाललीय. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी सुई टोचते, पाव तोलून देते, तरी हिचं पाणी पाणी थांबत नाही. नऊ वर्षांची पोर, आणि सहा वर्षांच्या पोरीचा झगा अंगात येईल अशी झालीय. डॉक्टर म्हणतात, औषधात खोट नाही, मुलगी चोरून गोड खात असणार. मलाही तेच वाटतं. काल सासऱ्यांचा नामदिन, त्यांच्या नावाच्या संताचा सण, झाला. आल्या-गेल्याच्या हातावर चमचाभर गुलाबाचा मुरंबा ठेवायलाच हवा, नाहीतर लोक नावं ठेवतात. त्या गर्दीत मी कुठे कुठे लक्ष देऊ? विचारलं की नाही म्हणते आणि टकामका बघत बसते. मग माझं डोकं फिरतं.

थंडी तर विचारू नकोस. नळ गोठलेत. खिडकीच्या दोन तावदानांमध्ये दूध ठेवते, ते सकाळी सुरीने कापावं लागतं. तू सांगितल्याप्रमाणे औषधही तिथेच गारव्याला असतं. दुधाबरोबर तेही शेगडीपाशी ठेवते, घटकाभरात वितळतं. त्याची काळजी करू नकोस.

येताना पॅरिसहून जरा जोरदार औषध मिळालं तर बघ. इथल्या दुकानांत खडखडाट आहे, बर्फाने मालगाड्या अडल्यात. वहिनीला माझी आठवण सांग, आणि तुझी माया या पोरीवर आहे तशीच राहू दे.

तुझी,
रायना


पॅरिस, २५ जानेवारी १९२९

चि. रायनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पेन्चोने पत्र दिलं आणि वर तोंडी पुरवणीही जोडली. औषध घेतलंय. जोरदार द्या म्हटल्यावर दुकानदार हसला. सगळं एकाच ताकदीचं असतं म्हणाला. माझी निघायची पाळी परवाच्या नंतरच्या गाडीची, म्हणून हे पत्र आजच्या गाडीने पुढे पाठवतोय.

पोरीवर उगाच संशय घेऊ नकोस. आपल्या घरात मधाच्या बरणीत कुणाची बोटं असायची, ते आईला पक्कं ठाऊक होतं. ती बोटं नेवेनाची नव्हेत, तिच्या आईची. तिला सांग, मामा आला की फलाटावर कडेवर घेणार आहे, मोठी झाली असली तरी.

या फेरीला माझ्या डब्यात एक इंग्रज कर्नल आणि त्याची बायको असणार आहेत, आज जागा बघायला आले होते. त्यांना मिलानचं मोठं देऊळ बघायचंय, व्हेनिसचे कालवे बघायचेत, इस्तंबूलचे घुमट बघायचेत. व्हेनिसमध्ये काय बघावं असं बाईने मला विचारलं. इतकी वर्षं त्या गावावरून जातोय, पण मी पाहिलाय तो फक्त फलाट. अटेंडंटने डबा सोडायचा नाही, सोडला तर नोकरी गेली, हा आमचा नियम. मखमली बिछाने घालायचे, डब्याच्या टोकाची शेगडी पेटती ठेवायची आणि लोकांची शहरं खिडकीतून बघायची. असो, पोट त्यावरच चाललंय.

धीर सोडू नकोस. मामाची पापी नेवेनाला दे आणि थोडी माया स्वतःसाठीही ठेव.

तुझा,
मेतोदी


सोफिया, २८ जानेवारी १९२९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं. मधाचं वाचून एरवी हसले असते. हे पत्र पॅरिसकडे जाणाऱ्या गाडीतून पाठवतेय. दोन्ही गाड्या जिथे समोरासमोर येतील तिथे तुला देतील.

तिने कबूल केलं दादा. परवा मी तिला मारलं. आधी एक चापट, मग मला आवरलंच नाही. खरं सांग, खरं सांग म्हणून धोशा लावला. शेवटी म्हणाली, खाल्ला, मुरंबा खाल्ला, दोन चमचे. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. म्हटलं, चला, कारण तरी सापडलं.

त्याच दिवशी सगळ्या बरण्या शेजारच्या त्सोनाबाईंना देऊन टाकल्या. साखरसुद्धा दिली. घरात गोडाचा कण नाही, आणि पोरगी आणखीच बिघडलीय. ओकते, झोपून राहते, तोंडाला सडक्या सफरचंदासारखा वास येतो. आता कुठून खाल्लंस म्हणून विचारलं की लगेच कबूल होते. काल म्हणाली शाळेत खाल्लं. अरे, शाळा बर्फामुळे आठवडाभर बंद आहे. मी काय समजायचं?

तिच्या बापाला मी असंच डोळ्यांदेखत जाताना पाहिलंय. पुन्हा नाही रे बघवणार. डॉक्टर म्हणतात, सुया चालू ठेवा. चालूच आहेत. तू लवकर ये, दादा. येताना काही आणलं नाहीस तरी चालेल, फक्त ये, मला एकटीला हे झेपत नाही. पाठीवर तुझा हात असू दे.

तुझी,
रायना


पिरोतच्या पुढे, बर्फात अडकलेल्या गाडीतून
३१ जानेवारी १९२९

चि. रायनास,
आशीर्वाद.

हे नीट वाच. तिने काही खाल्लेलं नाही. मुरंबा नाही, साखर नाही, काहीच नाही.

तुझं पत्र मला ट्रिएस्तला मिळालं. माझ्या डब्यात लोझानला चढलेले एक म्हातारे स्विस डॉक्टर आहेत. त्यांचा चहा घेऊन गेलो, आणि तो द्यायचा सोडून दारातच पुन्हा तुझं पत्र वाचत राहिलो. काय झालं, त्यांनी विचारलं. मी तुझी दोन्ही पत्रं त्यांना समजावून सांगितली. औषध कुठे ठेवता, विचारलं. तावदानांमध्ये, म्हटलं. मग त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, हे औषध एकदा गोठलं की मेलं. वितळून दिसायला तसंच दिसतं, पण त्यात जीव उरत नाही. इतके दिवस तू तिला जवळजवळ पाणीच टोचत होतीस, रायना. आणि दुधासारखं गार ठेव हे मीच सांगितलं होतं. तेव्हा सप्टेंबर होता.

बेलग्रेडहून तार केली. घेणारा म्हणाला, पुढे तारा तुटल्यात, पोचली तर पोचली. आणि इथे आल्यावर गाडी बर्फात रुतली. बर्फ खिडक्यांपर्यंत आलाय. जेवणाच्या डब्यात अजून चांदीच्या वाडग्यांतून सूप वाढताहेत. कर्नलची तक्रार आहे की शॅम्पेन संपली. इथून सोफिया जवळ आहे, म्हणूनच जीव जास्त तळमळतो.

रेल्वेची माणसं फावडी घेऊन सरहद्दीकडे पायी निघालीत. बाटली आम्ही नेतो म्हणाले. पण पिशवीत ती गोठणार, आणि दुसऱ्याच्या अंगाला बांधून द्यायला माझं मन होईना. डॉक्टरांच्या हिशेबाने पोरीच्या हाती फार दिवस नाहीत. म्हणून मीच निघालोय. बाटली लोकरी पट्ट्यात गुंडाळून पोटाशी बांधलीय. गाडीच्या मुख्याने नियम ऐकवला, मी टोपी काढून त्याच्या हातात दिली. डब्याची शेगडी डॉक्टर सांभाळणार आहेत. कर्नलची बायको म्हणाली, माझा बिछाना मी घालीन. चांगली बाई निघाली.

हे पत्र आचाऱ्याकडे ठेवतोय. गाडी माझ्याआधी पोचली तर निदान एवढं तरी तुला कळेल. तिला मारू नकोस, आणि स्वतःलाही. वहिनीला मात्र सध्या काही कळवू नकोस. घडेल ते घडेल, तुझ्यावरचा माझा लोभ त्याने कमी व्हायचा नाही.

तुझा,
मेतोदी


सोफिया, १२ फेब्रुवारी १९२९

ती. दादास, सरहद्दीजवळच्या त्सारिब्रोदच्या इस्पितळात,
सा. न. वि. वि.

तुझ्या डाव्या पायाची बोटं काढावी लागली, हे नर्सबाईंनी कळवलं. मी काय लिहू? वहिनीला मी कळवलं बरं का, तू नको म्हणालास तरी. ती निघालीय.

बाटली पोचली. तू सरहद्दीवर कोसळलास तेव्हा ज्या इंजिनवाल्याकडे ती दिलीस, तो काखेत धरून घेऊन आला, आणि दारात उभं राहून म्हणाला, आधी बाटली घ्या, मग मला आत घ्या. जुनं औषध गोठून मेलंय, हा तुझा निरोपही त्यानेच सांगितला. तोवर नेवेना हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती. शेवटी पाद्रीबाबांनाही बोलावून झालं होतं. डॉक्टर रात्रभर बसले. आपण चुकलो असं ते एकदाच म्हणाले, हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं आणि अर्धा पेला पिऊन बाजूला ठेवला. तो उरलेला अर्धा पेला बघून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझी तार त्यानंतर आली, पत्र त्याच्याही नंतर.

आता बाटली माझ्या उशाशी असते. काल पोरगी उठून बसली, थोडं दही खाल्लं, मामाच्या पायाचं विचारलं. मला वाटलं, आता सांगायला हवं. मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, पोरी, औषध गोठून वाया गेलं होतं, ते खिडकीत मीच ठेवलं होतं, तुझी काहीच चूक नव्हती, तू काही खाल्लेलं नव्हतंस, मला माहीत आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. गोधडीचा एक दोरा ओढून काढला. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, की मग आता मी खाल्लं नव्हतं असं म्हटलं तर चालेल का.

चालेल, म्हटलं. तेव्हापासून तिचा तो प्रश्नच डोक्यात आहे. तू बरा होऊन ये. मी ज्या लायकीची आहे ते मला ठाऊक आहे, तरी पत्र लिहीत जा, आणि बहीण म्हणत जा.

तुझी,
रायना