एकशे ऐंशी दिवसांचा मामा

तोआ पायोह, सिंगापूर
१३ जुलै

ती. सौ. सुलेखाताईस,

चौदाव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमधून तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे खरंच वाकलो आहे, त्यामुळे यात कुठेही कसूर समजू नये.) तुझे गुडघे कसे आहेत? मनोहरभावजी सकाळी फिरायला जातात, की कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून फिरून आल्याचं सांगतात? आम्ही तिघं ठीक. फेब्रुवारीपासून तू माझा फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसत्या निळ्या खुणा देतेस, म्हणून कागदावर लिहितो आहे. टपालाने आलेलं पाकीट न फोडता ठेवणं तुला जमत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आधी कबुली देतो. चैत्रालीच्या लग्नासाठी ऑफिसने रजा दिली नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. आमच्या साहेब मिस टॅन यांनी अर्ज पुरता वाचायच्या आधीच मंजूर केला आणि वर "फॅमिली वेडिंग, मस्ट गो लाह!" म्हणून मलाच दटावलं (इथे प्रत्येक वाक्याला हे 'लाह'चं शेपूट असतं). तेव्हा तू त्या बाईंना दिलेले शाप कृपा करून परत घे. एप्रिलपासून त्यांची दाढ ठणकते आहे आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

खरं कारण आयकर. आता तू कपाळाला हात लावशील, पण ऐकून तर घे. भारताचं कराचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि इथलं जानेवारीला, त्यामुळे वर्षाच्या मधेच देश बदलणारा माणूस काही महिने धड तिथला नसतो आणि धड इथलाही नसतो. मी गेल्या वर्षी एक एप्रिलपासून सत्तावीस सप्टेंबरपर्यंत, म्हणजे विमानात बसेपर्यंत, भारतात एकशे ऐंशी दिवस होतो. एकशे ब्याऐंशी भरले की सरकार म्हणणार हा आपलाच, आणि मग इथल्या पगाराचाही हिशेब तिकडे द्यायचा. म्हणजे माझ्या हातात उरला एक दिवस. एका दिवसात भाचीचं लग्न लावून परत फिरायचं म्हणून मी विमानांची वेळापत्रकं पालथी घातली. सोयीचं विमान नेमकं रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी उतरत होतं, आणि मध्यरात्रीपर्यंतच्या त्या पन्नास मिनिटांचाही पूर्ण दिवस धरतात. (ते तासभर उशिरा यावं म्हणून नवस बोलायचा विचार केला, पण नवस फेडायला पुन्हा भारतातच यावं लागलं असतं.)

सविता लेकीला, क्षिप्राला, घेऊन आली, कारण त्यांच्या दिवसांवर कुणाचा डोळा नव्हता. मुलीला मांडवात आणायला शेजारच्या दिलीपला मामा म्हणून उभं कर, माणूस भला आहे आणि फेटाही त्याला शोभतो, असं मी तुला फोनवर सुचवलं आणि तू फोन ठेवलास. लग्नाच्या दिवशी मी नवा झब्बा घालून लिटिल इंडियात गेलो, अर्धा किलो जिलबी आणली (दुकानदाराने पाहुणे किती म्हणून विचारलं, मी पंचवीस सांगितले) आणि मोबाइल तांब्याला टेकवून हातात अक्षता घेऊन उभा राहिलो. गौरीहरापाशी बसलेली चैत्राली दिसली. तिने दाराकडे पाहिलं आणि तेवढ्यात तिकडचं नेट गेलं. मी अंदाजाने मंगलाष्टकं म्हणत तांदूळ टाकत राहिलो. सोफ्याच्या फटीतून ते अजून निघतात. सविता परत आल्यावर मी जेवणाचा बेत काय होता ते विचारलं. बाकी काही विचारायचा धीर झाला नाही.

आणि आता ऐक. गेल्या रविवारी भारतातलं विवरणपत्र भरायला बसलो. ऑफिसात हिशेब तपासणारा म्हणून माझी ख्याती अशी आहे, की कागद दाखवा, नाहीतर ती गोष्ट घडलीच नाही. स्वतःचे दिवसही मी याच शिस्तीने, पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मोजले होते. क्षिप्रा शेजारी चित्र काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी जूनमध्ये तू इथेच होतास ना? यू मिस्ड माय बर्थडे, लाह." ताई, मी गार पडलो. जूनमध्ये ऑफिसने मला घर बघायला अकरा दिवस इथे पाठवलं होतं. ऑगस्टमध्ये पासपोर्ट बदलला, ते शिक्के जुन्यात राहिले, आणि नव्यात कागद नाही म्हणून ते दिवस माझ्यापुरते घडलेच नाहीत. जायचा-यायचा दिवस सोडला तरी नऊ उरतात, आणि हातातला एक धरला तर दहा. मेंदी, हळद, लग्न, सत्यनारायण सगळं उरकून तुझ्याशी भांडायलाही दोन दिवस मिळाले असते.

पण खरं सांगू? ते दिवस नसते तरी मी यायला हवं होतं. कर भरला असता आणि वर्षभरात विसरलो असतो. चैत्रालीला मामा एकच. मामाच मला मांडवात नेणार, असं ती पाचवीत असल्यापासून सांगत आली होती. लोकांच्या पै-पैचा माग काढणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट लक्षात धरता आली नाही. मला फार लाज वाटते, ताई.

भावजींना नमस्कार सांग. रागावलीस तरी चालेल, पण फोनवर रागाव.

तुझा, वयाने आणि अकलेनेही धाकटा,
प्रबोध

ता. क. जुना पासपोर्ट तुझ्या लोखंडी कपाटात, माझ्या पदवीच्या फायलीत आहे. जूनच्या शिक्क्यांच्या पानाचा फोटो पाठवशील का? (वरची माफी या फोटोसाठी मागितलेली नाही. विवरणपत्राची मुदत मात्र महिनाअखेरीस संपते.)

आणखी ता. क. पाकीट चिकटवण्याआधी सविताला वाचायला दिलं. ती म्हणते, रजा मंजूर झाली होती हे तिने तुला लग्नाच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आणि दिलीप उभा राहिलाच नाही, तू राहू दिलं नाहीस. रजा मिळाली आहे हे कळल्यामुळेच तू गुरुजींना सांगत राहिलीस, की थांबा, मामा वाटेत असेल. मुहूर्त टळायला आला तेव्हा चैत्राली स्वतःच उठली आणि एकटी चालत मांडवात गेली. हे पाच महिने मला का सांगितलं नाहीस, म्हणून मी सवितावर चिडलो. ती म्हणाली, "तू विचारलंस कुठे?"

फोटो राहू दे, ताई. चैत्रालीचा पत्ता पाठव.